आजीच्या डबीतले मोती

वर्षश्राद्ध पार पडले, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि दुपारी घरातल्या बायका आतल्या खोलीत एकत्र बसल्या. इंदूरमधल्या त्या मराठी घरात सासूबाईंच्या कपाटातली पितळी डबी थोरल्या सुनेने सर्वांसमोर उघडली. लाल मखमलीच्या तुकड्यात एक नथ होती, एक तन्मणी होता, कुड्यांचा जोड होता आणि कागदाच्या पुडीत थोडे सुटे मोती होते. सोन्याचे कुणाला काय द्यायचे हे सासूबाईंनी आधीच सांगून ठेवले होते. मोत्यांविषयी मात्र त्या काहीच बोलल्या नव्हत्या.

"किती पिवळे पडलेत हो! खोटेच असणार. चिमीला स्नेहसंमेलनात नाचताना घालायला होतील," धाकटी म्हणाली.

"खोटे कसे असतील? आईच्या लग्नातला तन्मणी आहे तो. छान पॉलिश करून आणू आणि मोती सारखे वाटून घेऊ," वन्संनी सुचवले.

थोरली इतकेच म्हणाली, "वन्सं, थोडे थांबू या का?"

जुन्या मोत्यांच्या बाबतीत यापेक्षा शहाणपणाचा सल्ला नाही. सोन्याचा दागिना चुकून वितळवला तरी हाती सोने राहते. मोत्याला तशी दुसरी संधी नसते. एकदा त्याचा वरचा थर गेला की तो कुठल्याही सोनाराला परत आणता येत नाही. म्हणून आधी ओळख, मग निगा आणि सर्वांत शेवटी पॉलिश, विक्री किंवा वाटणी हाच क्रम पाळावा.

मोती इतका नाजूक का?

हिरा, माणिक, पाचू ही जमिनीतून निघणारी रत्ने आहेत. मोती मात्र शिंपल्यातल्या जिवाच्या शरीरात तयार होतो. बाहेरचे काही आत शिरले किंवा शरीराच्या नाजूक पडद्याला इजा झाली, की तो जीव त्या जागेभोवती थरावर थर चढवू लागतो. या थरांत मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट असते, म्हणजे खडूमध्ये असते तेच द्रव्य. त्याचे अतिशय पातळ पापुद्रे एका सेंद्रिय पदार्थाने एकमेकांना चिकटलेले असतात आणि त्यात थोडे पाणीही असते. या पापुद्र्यांतून प्रकाश परावर्तित होतो, तेच मोत्याचे पाणी.

मोत्याचे गुण यात आहेत आणि दुखणीही यातच आहेत. खडूवर लिंबू पिळले तर तो फसफसतो. आंबट पदार्थांनी आणि घामानेही मोत्याचे हळूहळू तेच होते. पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वापरलेल्या माळांतले काही मोती कडेने झिजून पिंपाच्या आकाराचे झालेले आढळतात, ते यामुळेच. कठिणपणाच्या मापावर हिरा 10 वर आहे, तर मोती अडीच ते साडेचारच्या दरम्यान. साध्या धुळीतही त्याहून कठीण कण असतात. त्यामुळे धुळीने माखलेला मोती कोरड्या फडक्याने खसाखसा पुसला तरी त्यावर चरे पडतात.

बसऱ्याचे मोती आणि मुंबईचा बाजार

आपल्या घरांतल्या जुन्या मोत्यांना सरसकट 'बसऱ्याचे मोती' म्हणतात. खुद्द बसरा शहरात मोती सापडत नसत, ते व्यापाराचे बंदर होते. मोती निघत ते इराणच्या आखातात, विशेषतः बहारीनच्या आसपास. उन्हाळ्याच्या महिन्यांत पाणबुडे नाकाला चिमटा लावून आणि पायाला दगड बांधून समुद्राच्या तळाशी जात. एका श्वासात जमतील तेवढे शिंपले गोळा करत. त्यातल्या बहुतेक शिंपल्यांत काहीही नसे.

आखातातला मोती जगभर पोहोचायचा तो प्रामुख्याने मुंबईमार्गे. येथे त्याची प्रतवारी होई, त्याला वेज पाडले जाई. निळ्या रेशमाच्या आणि चांदीच्या जरीच्या गोंड्यांनी सजवलेले मोत्यांचे झुबके मुंबईहून पॅरिस-लंडनला रवाना होत. तिकडच्या बाजारात त्यांना 'बॉम्बे बंच' असेच नाव पडले होते. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, पुणे येथल्या घराण्यांत नथी, तन्मणी, चिंचपेट्या, बाजूबंद आणि पुरुषांच्या कंठ्या यांसाठी मोती आले ते मुख्यत्वे याच व्यापारातून.

मोत्याचा त्या काळचा दिमाख सांगणारी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरची एक आलिशान हवेली कार्तिए या जवाहिऱ्याने 1917 साली मिळवली ती शंभर डॉलर आणि दोन पदरी मोत्यांच्या कंठ्याच्या बदल्यात! त्या कंठ्याची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली गेली होती. पुढे 1957 साली तोच कंठा लिलावात गेला, तेव्हा दीड लाख डॉलरच्या आसपासच आले.

एवढी घसरण झाली ती जपानमुळे. कोकिची मिकिमोतो यांनी 1893 साली शिंपल्यात माणसाच्या हाताने अर्धगोल मोती वाढवून दाखवला. इतर जपानी संशोधकांच्या पद्धतीने पुढे पूर्ण गोल मोतीही तयार होऊ लागले आणि 1920 नंतरच्या दशकात ते जगाच्या बाजारात आले. पाठोपाठ 1929 ची जागतिक मंदी आली. बहारीनमध्ये 1932 साली तेल सापडले आणि पाणबुडेही हळूहळू त्या कामाकडे वळले. आखातातला मोत्यांचा व्यवसाय जवळजवळ संपला.

नैसर्गिक मोती असे दुर्मीळ झाल्यामुळे काळाचे चक्र पुन्हा फिरले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या प्रसिद्ध सात पदरी कंठ्यातल्या 68 मोत्यांचा दोन पदरी हार 2007 साली न्यूयॉर्कच्या लिलावात सत्तर लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. आपल्या आजीची नथ अर्थातच बडोद्याच्या जामदारखान्यातली नाही. पण तिच्यातले मोती त्याच समुद्रातले असू शकतात, म्हणून ती नाचाच्या कपड्यांत टाकण्यापूर्वी नीट पाहून घ्यावी.

घरच्या घरी काय पाहावे?

मोत्यांचे ढोबळ तीन प्रकार लक्षात ठेवावेत. शिंपल्यात आपोआप झालेला तो नैसर्गिक. माणसाने शिंपल्यात मणी किंवा दुसऱ्या शिंपल्याच्या ऊतीचा तुकडा ठेवून वाढवला तो कल्चर्ड. काच, प्लॅस्टिक किंवा शिंपल्याच्या मण्यावर चमकदार लेप दिलेला तो नकली. कल्चर्ड मोतीही शिंपल्यातच वाढतो, म्हणून दुकानदार त्याला 'खरा मोती' म्हणाला तर ते खोटे नव्हे. आपण मात्र पुढचा प्रश्न विचारावा, "नैसर्गिक की कल्चर्ड?"

नकली मोती ओळखणे फारसे अवघड नाही. स्वच्छ मोती पुढच्या दातांच्या कडेवर अगदी हलकेच घासला, तर खरा मोती बारीक रव्यासारखा खरखरीत लागतो आणि नकली गुळगुळीत लागतो. दोन मोती एकमेकांवर अलगद फिरवले तरी हाच फरक कळतो. ही परीक्षा एखाद्याच मोत्यावर आणि हलक्या हाताने करावी. तिने खरा आणि नकली एवढेच कळते. नैसर्गिक आणि कल्चर्ड दोन्ही दाताला सारखेच लागतात.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. माळ दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कापडावर ठेवावी. सगळे मोती एकाच रंगाचे, एकाच आकाराचे आणि अगदी निर्दोष दिसले तर शंका घ्यावी. शिंपल्यातल्या मोत्यांत थोडा तरी फरक असतोच. एखादा किंचित चपटा, एखाद्यावर बारीकशी खळी, कुणावर गुलाबी छटा तर कुणावर पिवळसर. मलईसारखा किंवा पिवळसर रंग जुन्या बसऱ्याच्या मोत्यांत सर्रास आढळतो. ज्या पिवळेपणामुळे धाकटीला ते मोती खोटे वाटले, तो त्यांच्या खोटेपणाचा पुरावा नव्हताच.

तिसरी आणि सर्वांत बोलकी जागा म्हणजे मोत्याचे वेज. घड्याळजी वापरतात तसल्या दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून वेजाच्या तोंडाशी पाहावे. नकली मोत्यावर तेथे लेपाचे पापुद्रे सुटलेले आणि आतली काच चमकताना दिसते. मणी घालून वाढवलेल्या कल्चर्ड मोत्यात वरचा थर आणि आतला मणी यांच्यामध्ये एक रेघ दिसू शकते. नैसर्गिक मोत्यात कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकात एक थर आत आत जाताना दिसतात. मोत्याचा भाव वजनावर ठरत असल्यामुळे जुने कारागीर शक्यतो बारीक वेज पाडत. पण जाड रेशीम ओवण्यासाठी वेज पुढे मोठे केलेले असू शकते. तेवढ्यावरून निर्णय देऊ नये.

शेवटचा शब्द क्ष-किरणांचा

घरगुती परीक्षा येथे संपतात. गोड्या पाण्यातले अनेक कल्चर्ड मोती मणी न घालताच वाढवलेले असतात. त्यांच्यात ती रेघ दिसत नाही आणि अनुभवी नजरही फसते. कल्चर्ड मोती बाजारात आल्यावर लंडनच्या व्यापाऱ्यांनी 1925 साली खास प्रयोगशाळा काढली, ती या पेचामुळेच. नैसर्गिक की कल्चर्ड याचा खात्रीचा निर्णय आजही मोत्याच्या आतली रचना दाखवणाऱ्या क्ष-किरण तपासणीनेच होतो. रत्नपरीक्षेची प्रयोगशाळा निवडताना तेथे मोत्यांची अशी तपासणी होते का, हे आधी विचारावे. तपासणीसाठी मोती फोडावे लागत नाहीत आणि माळही उसवावी लागत नाही. दागिना देताना छायाचित्र, मोत्यांची संख्या आणि वजन लिहिलेली पावती अवश्य घ्यावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दागिना जुना म्हणून त्यातला प्रत्येक मोती जुना असेलच असे नाही. नथीतला एखादा मोती हरवतो, तन्मण्याचा पदर तुटतो आणि त्या जागी त्या वेळी मिळाले ते मोती ओवले जातात. त्यामुळे एक मोती पाहून सगळ्यांचा निकाल लावू नये. पदर पदर स्वतंत्र तपासावा.

रोजची निगा

मोत्याचा दागिना सर्वांत शेवटी अंगावर चढवावा आणि सर्वांत आधी उतरवावा. पावडर, अत्तर, केसांवरचा फवारा हे सगळे आटोपल्यावरच मोती घालावेत. मोती घालून स्वयंपाकघरात जाऊ नये. लिंबू, चिंच, व्हिनेगर हे मोत्यांचे वैरीच आहेत. भर उन्हात, ओल्या केसांवर किंवा आंघोळीच्या वेळी मोती अंगावर ठेवू नयेत.

घरी परतल्यावर दागिना तसाच पेटीत टाकू नये. जुन्या धुवट मलमलीचा मऊ तुकडा साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळावा आणि त्याने मोती अलगद टिपून घ्यावेत. मग कोरड्या तुकड्याने टिपून दागिना तासभर सपाट कापडावर, सावलीत ठेवावा. ओली माळ खुंटीला टांगू नये, धागा ताणला जातो. नथीचे मोती नाकाजवळच्या घामाने आणि तेलकटपणाने लवकर मळतात, म्हणून ती प्रत्येक वेळी पुसावी. मात्र पुसताना सोन्याच्या तारेला पीळ पडू देऊ नये. जुनी तार वारंवार वाकली की तुटते.

सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मोत्यांना ती लावू नये. खायचा सोडा, दातांची पेस्ट, अमोनिया आणि सोनाराकडचे ध्वनिलहरींनी किंवा वाफेने सफाई करणारे यंत्र हे सर्व वर्ज्य समजावे. तन्मण्याच्या खोडाला तर पाणी लागूच देऊ नये. कुंदनकामात खड्यांच्या मागे वर्ख आणि लाख असते. आत पाणी शिरले की वर्ख काळवंडतो आणि खडे निस्तेज दिसू लागतात. दारावर येऊन 'पॉलिश करून देतो' म्हणणाऱ्याच्या हातात तर कोणताच दागिना देऊ नये, मोत्यांचा मुळीच नाही.

मग पिवळेपणाचे काय? वरचा मळ हलक्या पुसण्याने निघतो. वयाने आलेला रंग मात्र निघत नाही आणि काढायचा प्रयत्नही करू नये. त्यासाठी वापरलेली रसायने मोत्याचा वरचा थरच खातात. चार दिवस मोती पांढरा दिसतो आणि मग कायमचा मेल्यासारखा होतो.

ठेवताना मोत्यांना स्वतंत्र घर द्यावे. सोन्याच्या पाटल्या आणि हिऱ्यांच्या कुड्या यांच्या शेजारी ते घासले जातात. मऊ सुती किंवा रेशमी पिशवीत, सपाट ठेवावेत. हवा न लागणारी प्लॅस्टिकची पिशवी, ओल शोषणाऱ्या पुड्या आणि डांबराच्या गोळ्या टाळाव्यात. फार कोरड्या जागी मोत्यातले पाणी उडून त्याला बारीक भेगा पडू शकतात. बँकेच्या लॉकरमध्ये मोती असतील तर अधूनमधून बाहेर काढून पाहावेत आणि सणावाराला अंगावर घालावेत. तेवढ्या निमित्ताने धागा किती टिकला आहे हेही कळते.

ओवून घेताना

धागा सैल झाला, काळा पडला किंवा मोत्यांमध्ये फटी दिसू लागल्या, की माळ नव्याने ओवून घ्यावी. तुटायची वाट पाहू नये. हे काम जाणकार पटवेकऱ्याकडे द्यावे आणि शक्यतो समोर बसून करून घ्यावे. देण्यापूर्वी मोती मोजावेत, वजन करावे, प्रत्येक पदराचे छायाचित्र काढावे. रेशमी धागाच वापरावा. गळ्यातल्या लांब माळेत दोन मोत्यांमध्ये गाठ मारून घेतली, तर मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि धागा तुटला तरी सगळी माळ विखुरत नाही. चिंचपेटी, तन्मणी यांची घडण निराळी असते. तेथे मूळ पद्धत मोडू नये. जुना धागा, जुना गोंडा टाकून न देता पुडीत जपून ठेवावा. दागिन्याचे वय सांगायला त्याची मदत होते.

वाटणी करण्यापूर्वी

मोती समान मोजून वाटले म्हणजे न्याय झाला, असे पुष्कळांना वाटते. मोत्यांचा हिशेब तसा चालत नाही. नैसर्गिक मोत्याची किंमत जुन्या रीतीनुसार वजनाच्या वर्गाने वाढते. एक ग्रेन वजनाचे चार मोती आणि चार ग्रेनचा एकच मोती यांचे वजन सारखेच. पण दर्जा सारखा असेल तर चार छोट्यांच्या हिशेबात एकूण 4 भाग येतात आणि एकट्या मोठ्याच्या हिशेबात 16. शिवाय एकमेकांशी जुळणारे मोती जमवायला जवाहिऱ्यांची वर्षे जात. जुळलेला संच मोडला की ती मेहनत वाया जाते आणि दागिन्याची ओळखही पुसली जाते. म्हणून तपासणी होईपर्यंत वाटणी करू नये आणि त्यानंतरही दागिना शक्यतो अखंड ठेवावा.

इंदूरच्या त्या घरात शेवटी थोरलीचेच ऐकले गेले. दागिने तपासून आले. नथीतले आणि कुड्यांतले मोती नैसर्गिक निघाले. तन्मण्याचे दोन पदरही नैसर्गिक होते. तिसऱ्या पदरातले मोती मात्र कल्चर्ड होते. "म्हणजे आईला कुणीतरी फसवले!" वन्सं कळवळून म्हणाल्या.

कोपऱ्यात जपमाळ ओढत बसलेल्या वृद्ध आत्याबाई तेव्हा हळूच बोलल्या. "कुणी नाही गं फसवले. दादाच्या मोठ्या आजारपणात वहिनीने तो पदर विकला. चार महिन्यांनी दुसरे मोती आणून माझ्यासमोरच ओवून घेतले. दादाला कळले तर त्याच्या मनाला लागेल, म्हणून कुणाला सांगू नकोस म्हणाली होती."

खोलीत थोडा वेळ कुणीच काही बोलले नाही. मग धाकटीनेच वही आणली. प्रत्येक दागिन्यापुढे मोत्यांची संख्या, वजन आणि तपासणीचा निकाल तिने नीट लिहून काढला. तिसऱ्या पदरापुढे मात्र आत्याबाईंनी सांगितलेली हकीकत लिहिली. तन्मणी मोडायचा नाही, घरात ज्या मुलीचे लग्न असेल तिने तो घालायचा आणि परत डबीत ठेवायचा, असे ठरले.

अशी एक वही प्रत्येक घरात असावी. दागिना कुणी केला, कुणाला कधी मिळाला, कोणता मोती केव्हा बदलला, हे सांगणारी माणसे आहेत तोवरच ते लिहून घ्यावे. मोती नैसर्गिक आहे की कल्चर्ड, हे क्ष-किरण सांगतात. तो पदर का बदलला, हे मात्र एखाद्या आत्याबाईंनाच ठाऊक असते.